ट्रॅक्टरवाल्याची मोटार

इतिहासाच्या तासाला एकदा एका शेतकऱ्याच्या मुलाने मला विचारले, “सर, ती लाम्बोर्गिनी नावाची कोट्यवधी रुपयांची मोटार आहे ना, ती काढणारा माणूस मूळचा ट्रॅक्टरवाला होता म्हणतात. अन् कुणा बड्या मोटारवाल्यानं त्याचा अपमान केला, म्हणून त्यानं रागाच्या भरात मोटारीचा कारखाना काढला. हे खरं का?”

मी म्हटले, “पहिलं वाक्य खरं. दुसऱ्याबद्दल बोलायला वेळ लागेल.” तेवढ्यात घंटा झाली. राहिलेले उत्तर आज आपल्यासमोर द्यावे म्हणतो. कारण प्रश्न एका मोटारीपुरता नाही. मोठा उद्योग रागातून उभा राहतो, की आणखी कशातून, असा तो प्रश्न आहे; आणि आपल्या मुलांना आपण या दोहोंपैकी कोणते उत्तर सांगतो, याला महत्त्व आहे.

इटलीच्या उत्तरेला पो नदीचे विस्तीर्ण खोरे आहे. जमीन गाळाची, सपाट आणि पावसानंतर पायाला चिकटणारी. त्या खोऱ्यात बोलोन्या आणि फेरारा या दोन शहरांच्या दरम्यान चेंतो नावाचे बाजाराचे गाव आहे, आणि चेंतोजवळ रेनात्सो ही वस्ती. तेथे 28 एप्रिल 1916 रोजी एका द्राक्षबागायतदाराच्या घरी फेरुच्चो लाम्बोर्गिनीचा जन्म झाला. वडील आन्तोनियो, आई एव्हेलिना. घर शेतीत गुंतलेले. पण या मुलाचा ओढा द्राक्षांच्या वेलांपेक्षा अवजारांकडे. शेतावर काही मोडले की दुरुस्तीला हा पुढे. वडिलांनी हे ओळखले आणि त्याला बोलोन्याजवळच्या तंत्रशाळेत घातले. पोरगा शेतीत लक्ष घालीत नाही म्हणून बापाने डोक्याला हात लावला असता, तर आजची गोष्ट येथेच संपली असती.

पुढे दुसरे महायुद्ध आले. 1940 मध्ये फेरुच्चोला हवाई दलात भरती व्हावे लागले. पण विमानाशी त्याचा संबंध थोडाच आला. भूमध्य समुद्रातील ऱ्होड्स बेटावर सैन्याच्या वाहनांची दुरुस्ती त्याच्याकडे सोपवण्यात आली. बेटाचा बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ तुटलेला, सुटे भाग मिळण्याची मारामार. एका मोडक्या गाडीचा भाग काढून दुसरीला बसवायचा, आणि दुसरीचा तिसरीला. ज्याला आपण जुगाड म्हणतो, त्या विद्येचे शिक्षण त्याला तेथे अगदी पोटभर मिळाले. 1945 मध्ये बेट ब्रिटिशांच्या ताब्यात गेले, तेव्हा तो कैदी झाला. घरी परतायला 1946 साल उजाडले.

याच युद्धाचा एक धागा आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला आहे, तो येथेच सांगतो. जर्मन फौजांना इटलीतून मागे रेटणाऱ्या सैन्यात आपल्या मराठा पलटणी होत्या. फेरुच्चोच्या गावापासून साठ-सत्तर किलोमीटरवर सेनियो नावाची नदी वाहते. तिच्या काठावर 9 एप्रिल 1945 रोजी नगर जिल्ह्यातील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी गोळ्यांच्या वर्षावात आपल्या जखमी सोबत्यांना नदीपार आणून पोहोचवले, मग एकट्याने परत जाऊन शत्रूच्या मशीनगनी बंद पाडल्या, आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ज्या शेतांवर पुढे लाम्बोर्गिनीचे ट्रॅक्टर फिरले, ती शेते अशा लढाईतून बाहेर पडलेली होती. नुसता नकाशा पाहून हे कळत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले.

युद्ध संपले तेव्हा त्या खोऱ्याची दशा काय होती? घरे पडलेली, गोठे रिकामे, नांगराला जनावरे अपुरी. माणसांना खायला धान्य हवे होते आणि धान्यासाठी नांगरट हवी होती. दुसरीकडे, फौजा गेल्या तरी त्यांचे लोखंड मागे राहिले होते. ट्रक, इंजिने, गिअरपेट्या, चाके यांचे ढीगच्या ढीग मैदानांत गंजत पडले होते. हे सामान विकण्यासाठी इटलीच्या सरकारने 1945 मध्ये एक खास संस्थाच काढली. एकीकडे गरज आणि दुसरीकडे भंगार. या दोहोंच्या मध्ये उभा राहील असा एक जाणता हात तेवढा हवा होता.

फेरुच्चोने दुरुस्तीचे छोटेसे दुकान टाकले होते. त्याचे स्वतःचे दिवसही तेव्हा सुखाचे नव्हते. 1947 मध्ये मुलगा जन्मला आणि त्याच बाळंतपणात पत्नी क्लेलिया गेली. याच काळात त्याने लष्करी भंगारातून शेताच्या कामाचा ट्रॅक्टर जुळवायला घेतला. इंजिन इंग्रजी मॉरिस ट्रकचे, बाकीचे भाग मिळतील त्या गाड्यांचे. त्याचे नाव ठेवले ‘कारिओका’.

पण एक अडचण होती, आणि ती आपल्या शेतकऱ्यांना सांगण्याची गरज नाही. इंजिन पेट्रोलचे, आणि पेट्रोल महाग! शेतकऱ्याने दिवसभर नांगर चालवायचा तर तेलाच्या पैशात पीक जायचे. स्वस्त तेल घालावे, तर ते जड. थंड इंजिनात त्याची नीट वाफ होत नाही आणि वाफ झाल्याशिवाय ते पेट घेत नाही. फेरुच्चोने यावर एक साधन बसवले. इंजिन पेट्रोलवर सुरू करायचे, ते चांगले तापू द्यायचे, आणि मग पेट्रोल बंद करून स्वस्त तेल सोडायचे. त्या उष्णतेने जड तेलाची वाफ होते आणि इंजिन चालत राहते. पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायचे पाण्याचे पंप आपल्याकडे पुष्कळांनी पाहिले असतील. तत्त्व तेच.

3 फेब्रुवारी 1948 रोजी चेंतोच्या ग्रामदेवतेचा, म्हणजे त्यांच्या संत ब्याजोचा, उत्सव होता. जत्रेला पंचक्रोशीतील शेतकरी लोटलेले. फेरुच्चोने आपला ट्रॅक्टर भर चौकात आणून उभा केला आणि चालवून दाखवला. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीपेक्षा जत्रेतले प्रात्यक्षिक शेतकऱ्याला अधिक पटते. ते तिकडेही तसेच. मागण्या येऊ लागल्या. पुढची इंजिने एकगठ्ठा घेण्यासाठी घरची शेती गहाण ठेवावी लागली, असे सांगतात. त्या वर्षी ट्रॅक्टरचा कारखाना रीतसर सुरू झाला.

त्या वर्षाची एक गमतीची हकिगतही सांगून टाकतो. फेरुच्चोने एका लहानशा फियाट मोटारीचे इंजिन वाढवून ती ‘मिल्ले मिलिया’ या हजार मैलांच्या प्रसिद्ध शर्यतीत घातली. पण शर्यत पुरी झाली नाही. ट्युरिनजवळ त्याची मोटार रस्ता सोडून सरळ एका खानावळीत घुसली. त्यानंतर शर्यतीच्या वाटेला तो स्वतः गेला नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. तिचा पुढे उपयोग आहे.

आता उद्योग वाढला कसा, ते पाहू. एकट्याच्या हुशारीने वाढला म्हणावे, तर ते अर्धेच खरे. 1952 मध्ये इटलीच्या सरकारने शेतीच्या यंत्रांसाठी कमी व्याजाची कर्जे देण्याचा कायदा केला. त्यामुळे ज्याच्या खिशात रोख नव्हती, तो शेतकरीही ट्रॅक्टरचा विचार करू लागला. दुसरे असे की, त्या एमिलिया प्रांतात यंत्रकामाची परंपरा होती. त्याच भागातील फाब्रिको गावच्या लान्दिनीने 1925 मध्येच ट्रॅक्टर बनवला होता. मोदेना, बोलोन्या या शहरांच्या आसपास ओतकाम, कातकाम, पत्रेकाम करणारे कसबी कारागीर गल्लोगल्ली होते. बी चांगले होते, हे खरे; पण जमीनही तयार होती. 1950 नंतर लाम्बोर्गिनी भंगारावर अवलंबून राहिला नाही. स्वतःच्या बनावटीचे ट्रॅक्टर काढू लागला. 1960 च्या सुमारास त्याने घरे उबदार ठेवणाऱ्या तेलाच्या शेगड्यांचा, म्हणजे बर्नरचा, दुसरा कारखाना काढला. हा धंदाही जोरात चालला आणि शेतकऱ्याचा मुलगा श्रीमंत झाला.

श्रीमंत झाल्यावर त्याने भारी मोटारी घेतल्या. त्यांत फेरारीच्या मोटारी होत्या. येथे आपल्या कथेतील दुसरा पुरुष येतो. एन्झो फेरारी हा मोदेनाचा, जन्म 1898 चा. शर्यत हाच त्याचा श्वास. मारानेल्लो येथील कारखान्यातून 1947 मध्ये त्याच्या नावाची पहिली मोटार बाहेर पडली. धनिकांना मोटारी विकायच्या आणि त्या पैशावर शर्यतीच्या मोटारी उभ्या करायच्या, असा त्याचा हिशेब.

आणि आता ती अपमानाची गोष्ट. लाम्बोर्गिनीच्या फेरारीचा क्लच वारंवार बिघडे. दुरुस्तीला कितीदा न्यावी? शेवटी त्याने ती आपल्याच कारखान्यात उघडली, तर आत जो क्लच निघाला तो आपण ट्रॅक्टरला बसवतो त्याच जातीचा! तक्रार घेऊन तो फेरारीकडे गेला, तेव्हा फेरारीने त्याला, तू आपले ट्रॅक्टर सांभाळ, मोटारीतले तुला काय कळते, अशा अर्थाचे सुनावले. झाले, गडी पेटला आणि मोटारीच्या मागे लागला.

गोष्ट छान आहे. ती खुद्द लाम्बोर्गिनीने उतारवयात सांगितलेली आहे, म्हणून तिला निव्वळ बाजारगप्प म्हणता येत नाही. पण ती एका पक्षाची साक्ष आहे, आणि तीही कित्येक वर्षांनंतरची. तेव्हा ती ऐकावी. तीवर सगळा निवाडा करू नये. समजा, फेरारी त्या दिवशी गोड बोलला असता, क्लच बदलून चहापाणी करून त्याने पाहुण्याला निरोप दिला असता, तर काय झाले असते? आणि उलट समजा, लाम्बोर्गिनीपाशी दोन चालते कारखाने, हाती पैसा आणि भोवती कसबी माणसे नसती, तर त्या रागाचे काय झाले असते? अपमान तर जगात रोज हजारोंचे होतात. त्या सगळ्यांचे कारखाने होत नाहीत.

शिवाय काळही अनुकूल होता. 1958 ते 1963 ही इटलीच्या भरभराटीची वर्षे. मिलान ते नेपल्स असा रुंद, सलग मोटाररस्ता 1956 मध्ये सुरू होऊन 1964 मध्ये पुरा झाला, आणि तो मोदेना-बोलोन्यावरूनच जातो. वेगाच्या मोटारीला धावायला वाट झाली, घ्यायला गिऱ्हाईक झाले. ट्रॅक्टरवाला हिशेबी होता. ट्रॅक्टरपेक्षा महागड्या मोटारीवर नफा अधिक सुटेल, हेही त्याने पाहिले होते. राग असेल, तर तो या सगळ्यावर पडलेली ठिणगी म्हणा. लाकडे आधीच रचलेली होती.

1963 मध्ये त्याने मोटारीचा कारखाना काढला, तो सांतागाता बोलोन्येझे या गावी. रेनात्सोपासून पंधरा-वीस किलोमीटर, आणि फेरारीच्या मारानेल्लोपासून सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आसपास. इंजिनाचा आराखडा पूर्वी फेरारीकडे असलेल्या जोत्तो बित्सारिनी या इंजिनिअरकडून करून घेतला. बारा सिलिंडर, सहा-सहाच्या दोन तिरप्या रांगांत. बित्सारिनी पडला शर्यतीचा माणूस. त्याने इंजिन असे तिखट केले की रोजच्या रस्त्याला ते मानवेना. लाम्बोर्गिनीने ते नरम करायला सांगितले. त्याला जिंकायचे नव्हते, विकायचे होते! खानावळीत संपलेली शर्यत त्याला आठवली असेल की नसेल. पण आपला कारखाना शर्यतीत उतरणार नाही, हे त्याचे धोरण पक्के होते. ते नरमाईचे काम जान पाओलो दाल्लारा आणि पाओलो स्तान्त्सानी या दोन तरुण इंजिनिअरांनी केले. दोघेही तेव्हा जेमतेम पंचविशीचे. मोटारी रस्त्यावर पळवून तपासणारा बॉब वॉलेस हा न्यूझीलंडचा, तोही तरुणच.

1963 च्या ट्युरिन प्रदर्शनात पहिला नमुना मांडला, पण इंजिन काही त्या खोक्यात बसेना. तेव्हा वजनासाठी आत फरशा भरून झाकण बंद ठेवले, असे सांगतात. विकण्याजोगी पहिली मोटार, तीनशे पन्नास जी.टी., 1964 मध्ये बाहेर पडली.

खरे नाव झाले ते मात्र ‘मिउरा’ने. 1966 च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही मोटार आली आणि लोक थक्क झाले. तिचे विशेष काय? तोवर अशा मोटारींचे इंजिन सामान्यतः पुढे असे. मिउरात ते चालकाच्या पाठीमागे, दोन्ही आसांच्या मधोमध, तेही आडवे बसवलेले. याचा फायदा बैलगाडी हाकणाऱ्याला लगेच कळेल. ओझे पुढे झाले तर जुवाचा भार बैलांच्या मानेवर येतो, मागे झाले तर गाडी उलाळते. ते आसाजवळ, मध्यावर असले म्हणजे गाडी हलकी चालते. मोटारीचेही तसेच. जड इंजिन मध्याजवळ असले की वळणावर ती चटकन वळते. दाल्लारा, स्तान्त्सानी आणि वॉलेस या मंडळींनी ही कल्पना काढली, ती म्हणे कामाच्या वेळेनंतर बसून. वरचे देखणे अंग बेर्तोनेच्या कारखान्यातील मार्चेल्लो गांदिनी या तरुणाने रेखाटले. अशा मोटारी सारे मिळून साडेसातशेच्या आसपास झाल्या. पण पुढे जगातल्या बहुतेक वेगवान मोटारींनी इंजिन मध्ये ठेवण्याची रीत उचलली.

मिउरा हे नाव स्पेनमधील झुंजीच्या बैलांचे एक प्रसिद्ध खिल्लार पाळणाऱ्या घराण्याचे. लाम्बोर्गिनीचा जन्म वृषभ राशीचा, म्हणून कारखान्याचे चिन्हही बैल. ट्रॅक्टरने ज्या बैलाला औतातून मोकळे केले, तोच मोटारीच्या कपाळावर सोनेरी होऊन बसला!

आता उताराची बाजू. 1969 च्या हिवाळ्यापूर्वी इटलीभर कामगारांचे मोठे संप झाले. त्या वर्षातील या काळाला तिकडे ‘तापलेला शरद’ म्हणतात. वाढत्या भरभराटीतील आपला वाटा कामगार मागत होते, आणि त्यात अन्याय्य काही नव्हते. नेमके त्यानंतर ट्रॅक्टरच्या धंद्याला खीळ बसली. 1971 मध्ये दक्षिण अमेरिकेतील बोलिव्हियात लष्करी बंड झाले आणि नव्या राजवटीने ट्रॅक्टरची एक मोठी मागणी रद्द केली. माल तर तयार होत आला होता. मागणी बुडाली, पण माणसांना तर पगार द्यायलाच हवा. हजारो मैलांवरील एका देशात सत्ता पालटते आणि चेंतोच्या चौकात सुरू झालेला कारखाना डळमळतो. दूरच्या बाजारावर जगणाऱ्या कोणत्याही धंद्याची ही गोष्ट आहे. आपल्या कांदा-द्राक्षवाल्यांनी ती वेगळ्या रूपात पाहिलेली आहे.

ट्रॅक्टरचा कारखाना 1973 मध्ये ‘सामे’ या दुसऱ्या इटालियन ट्रॅक्टर कंपनीकडे गेला. मोटार कंपनीचे एक्कावन्न टक्के भाग 1972 मध्ये आणि उरलेले 1974 मध्ये स्विस धनिकांना विकले गेले. तिकडे फेरारीनेही 1969 मध्येच आपली निम्मी कंपनी फियाटला दिली होती. दोघांचे भांडण काहीही असो, काळाने दोघांनाही एकाच दारात नेऊन उभे केले.

1973 मध्ये अरब देशांनी तेल अडवले, भाव भडकले, आणि पेट्रोल पिणाऱ्या मोटारींना गिऱ्हाईक मिळेना. 1974 पासून ‘कुंताश’ नावाची, वर उघडणाऱ्या दारांची मोटार विकली जात होती; तिची चित्रे पोरांच्या खोल्यांतून लटकली, पण चित्रांवर कारखाना चालत नाही. 1978 मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. पुढे मिम्रान बंधू, 1987 मध्ये अमेरिकेची क्रायस्लर, 1994 मध्ये इंडोनेशियन मालक, आणि 1998 पासून जर्मनीची ऑडी, असे हात बदलत गेले. ऑडीच्या भांडवलावर कारखाना स्थिरावला. 2023 मध्ये त्याने एका वर्षात प्रथमच दहा हजारांवर मोटारी विकल्या. इतक्या मालकांत एक गोष्ट बदलली नाही: कारखाना सांतागाताहून हलला नाही. मालक आले आणि गेले. जाणते हात त्या गावातच राहिले.

आणि फेरुच्चो? तो शेतीकडे परतला. मध्य इटलीतील उंब्रिया प्रांतात, त्राझिमेनो सरोवराजवळ त्याने मोठी जमीन घेतली आणि द्राक्षे लावली. बापाचाच धंदा! त्या द्राक्षांच्या तांबड्या मद्याला लोक ‘मिउराचे रक्त’ म्हणत. याच उंब्रियात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि तेथेच पडले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण मरणोत्तर. परतून आपल्या शेतावर जाणे त्यांच्या नशिबी नव्हते. फेरुच्चो लाम्बोर्गिनी 20 फेब्रुवारी 1993 रोजी, 76 व्या वर्षी वारला.

शिक्षक मित्रांना जाता जाता एक विनंती. ही गोष्ट वर्गात सांगाल तेव्हा अपमानाचा प्रसंग जरूर सांगा; मुलांना तो आवडेल. पण त्यानंतर त्यांना विचारा: लोखंड कुठून आले? कर्ज कोणी दिले? तंत्रशाळेची फी कोणी भरली? मिउरा बनवणारी ती पंचविशीची मुले कोण होती? उत्तरे शोधताना मुलांच्या ध्यानात येईल की, एका नावामागे एक गाव, एक शाळा, एक कायदा आणि पुष्कळ हात असतात. आपल्या शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानात काळ्या हातांनी नांगराचा फाळ जोडणारा पोरगा असेल, तर त्याच्याकडेही मग ती मुले थोड्या निराळ्या नजरेने पाहतील.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी हेच सांगणार आहे. मोटार काढणारा ट्रॅक्टरवाला होता, हे खरे. रागाचेही थोडे खरे असेल. पण राग एका दिवसाचा. त्याआधीची पंधरा वर्षे तो माणूस ट्रॅक्टरच करीत होता.